दिवस मोजणारा शिपाई

नेमलेली मुदत संपत आली, घरी जाण्याचा दिवस ठरला, म्हणजे माणसाचे सोबत्यांशी असलेले देणे कमी होते काय? बदलीची ऑर्डर हातात पडलेल्या शिक्षकाला हा प्रश्न पडतो, आणि निवृत्तीला महिना उरलेल्या कारकुनालाही पडतो. पण तेथे फार तर काही कागद अपुरे राहतात. परदेशी रणभूमीवरील शिपायाच्या बाबतीत मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. म्हणून अशा शिपायाच्या शेवटच्या महिन्याकडे जरा जवळून पाहावेसे वाटते. उदाहरण घेतो ते व्हिएतनामात लढलेल्या अमेरिकन शिपायांचे. कारण परतीची तारीख आधीच ठरवून देण्याची पद्धत तेथे फार काटेकोरपणे पाळली गेली, आणि तिचे बरेवाईट परिणामही तेथे उघड दिसले.

१९६५ पासून त्या युद्धात मोठ्या संख्येने सैन्य गेले. भूदलाच्या शिपायाची मुदत १२ महिन्यांची असे. मरीन दलाची बहुतेक काळ १३ महिन्यांची. विमानातून उतरला त्या दिवशीच त्याला परतीची तारीख ठाऊक असे. आरंभी ती इतकी दूर असे की तिचा विचार न केलेलाच बरा. पण १०० दिवस उरले की तो मोजू लागे. एखाद्या हेल्मेटाचे किंवा त्या देशाच्या नकाशाचे चित्र काढायचे, त्याचे १०० तुकडे पाडायचे, प्रत्येकात आकडा घालायचा आणि रोज एक तुकडा रंगवायचा. अशी चित्रे छावण्याछावण्यांतून दिसत. (काही चित्रे हेल्मेटाची नसत, त्यांचे वर्णन या पानावर नको.) दिवस थोडे उरलेल्या शिपायाला 'शॉर्ट' म्हणत, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ 'बुटका' असल्यामुळे त्यावर विनोद चालत. आपण आता इतके बुटके झालो आहोत की नाण्याच्या कडेवर बसून पाय हलवता येतील, असे तो सांगे. आकडा ९ वर आला म्हणजे त्याचा रुबाब काही औरच असे.

दिनक्रम वरकरणी पूर्वीसारखाच चाले. पहाटे उठणे, डब्यातले अन्न पुष्कळदा थंडच खाणे, आठवड्यातून एकदा हिवतापाची मोठी नारिंगी गोळी गिळणे, बंदूक उघडून पुसणे, वाळूची पोती भरणे. शौचकूपाखालची अर्धी कापलेली पिंपे बाहेर ओढून, त्यांत डिझेल ओतून मैला जाळण्याचे काम कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येई. त्या धुराच्या वासाची आठवण परतलेले लोक म्हातारपणीही काढतात. टपाल आले की सगळे धावत. घरी पाठवायच्या पत्राला तिकीट लागत नसे. तिकिटाच्या जागी 'फ्री' हा शब्द हाताने लिहिला की ते अमेरिकेला पोचे. हौशी रेडिओचालकांच्या मदतीने घरच्यांशी बोलण्याचीही सोय होती. पण एका वेळी एकालाच बोलता येई, म्हणून आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणावे लागे. बायकोला 'तुझी फार आठवण येते' असे सांगून लगेच 'ओव्हर' म्हणायचे, आणि मध्ये बसलेला अनोळखी माणूस सारे ऐकतो आहे हेही जाणून असायचे!

बदल होई तो आत. ज्याने आठ-दहा महिने हेल्मेट उशाला घेऊन झोप काढली, तो आता ते डोक्यावरून उतरवीना. स्फोटाच्या तुकड्यांपासून रक्षण करणारे जड जाकीट उकाड्यामुळे इतर जण काढून टाकत. हा ते छावणीतही घालून बसे. कोणी खाट सोडून खंदकात निजू लागे. गस्तीला जाणाऱ्यांची नावे वाचली जात तेव्हा तो कान टवकारून उभा राही. 'मी आता मागच्या छावणीत आहे, काळजी नसावी,' असे पुष्कळांनी आईला लिहिले, आणि ते सर्वांच्याच बाबतीत खरे नव्हते.

या भयाला हसू नये. वास्तविक त्या युद्धात पडलेल्यांमध्ये मुदतीच्या पहिल्या महिन्यांतले नवखे शिपाई शेवटच्या महिन्यांतल्या शिपायांपेक्षा अधिक होते. म्हणजे जुन्या शिपायाचा धोका कमी झालेला असे आणि भय मात्र वाढलेले असे. याचे कारण उघड आहे. पहिल्या महिन्यात घर हे स्वप्नासारखे होते. आता त्याला अंगण, दार, दिवा होता. जो आता मरेल तो अगदी उंबरठ्यावर मरेल, हा विचार त्याला झोपू देत नसे.

ही मुदतीची पद्धत आली कोठून? दुसऱ्या महायुद्धात सर्वसाधारण शिपाई युद्ध संपेपर्यंत बांधलेला असे. मेला, जायबंदी झाला किंवा मन ढासळले, तरच सुटका. हा अन्याय पुढे टाळावा म्हणून कोरियाच्या युद्धात १९५१ साली गुणांची पद्धत सुरू झाली: आघाडीवरील प्रत्येक महिन्याला ४ गुण, आणि ३६ गुण झाले की पायदळाचा शिपाई घरी. व्हिएतनामात गुणही गेले आणि सर्वांना सारखी तारीख आली. तेथील सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांनी या पद्धतीचे समर्थनच केले. ठरलेल्या मुदतीने शिपायाचे मनोधैर्य टिकते असे त्यांचे म्हणणे होते. मला यात दया दिसते. माणूस मोडेपर्यंत त्याला वापरायचे नाही, हा विचार चांगलाच आहे.

पण या दयेची एक बाजू अशी की प्रत्येक जण एकटा आला आणि एकटा गेला. तुकडी तीच राही, माणसे थेंबाथेंबाने बदलत. चार्ल्स मॉस्कोस नावाचे समाजशास्त्रज्ञ १९६५ आणि १९६७ मध्ये तेथे शिपायांबरोबर राहून आले. त्यांनी नोंदले ते असे की प्रत्येकाचे युद्ध त्याच्या येण्याने सुरू होते आणि त्याच्या जाण्याने संपते. युद्धाचा शेवट म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येकाजवळ निराळ्या तारखेचे असते. शेजारी झोपलेल्याचे ३०० दिवस उरलेले, माझे १२. आम्ही एकाच चिखलात आहोत, पण एकाच युद्धात आहोत काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उद्या रात्रीच्या गस्तीला दहा जण जायचे आहेत. त्यांपैकी एकाचे १२ दिवस उरले आहेत. तो म्हणाला, 'मला वगळा.' वगळले, तर गस्त रद्द होत नाही. कोणीतरी दुसरा जातो, आणि बहुधा तो नवखा असतो. सुरुंगाची तार गवतात कशी दिसते, रात्री कोणता आवाज बेडकांचा आणि कोणता माणसाचा, पायवाट सोडून का चालायचे, हे जुन्याला ठाऊक असते, नव्याला नसते. जुन्याच्या सावधगिरीने धोका नाहीसा होत नाही; तो दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि जाताना थोडा वाढतो. हे एकदा पाहिले की प्रश्न टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, त्याने आपला वाटा उचलला आहे. ३५० रात्री तो गेला, १२ रात्री न गेला तर काय बिघडले? याला न्यायाची भाषा आहे खरी. परंतु ही भाषा सावकाराच्या वहीची आहे. वहीत जमा आणि खर्च जुळले की माणूस मोकळा होतो. घरात तसे होत नाही. आजारी भावाच्या उशाशी मी महिनाभर बसलो, आता माझा वाटा संपला, असे कोणी म्हणत नाही; म्हटले तरी रात्री भाऊ कण्हला की त्याला उठावेच लागते. त्या दहा जणांची तुकडी वहीसारखी आहे की घरासारखी? ती वहीसारखी व्हावी अशीच मुदतीच्या पद्धतीची रचना होती. आणि तरीही ती पुष्कळ वेळा घरासारखी राहिली, याचा पुरावा एका साध्या गोष्टीत सापडतो.

ती गोष्ट अशी. थोडे दिवस उरलेल्याला बाकीचे आपण होऊन सांभाळून घेत. त्याला रांगेत पुढे चालू देत नसत. तुकडीचा अधिकारी त्याच्यासाठी मागच्या छावणीत काहीतरी काम शोधून काढी: सामान मोजण्याचे, यादी लिहिण्याचे, किंवा वर सांगितलेले पिंपांचे, आणि ते पिंपांचे कामही कोणी आनंदाने पत्करले असेल तर नवल नाही. ज्याचे २०० दिवस उरले आहेत तो १२ दिवसवाल्याला सांगे, 'तू बस, मी जातो.' यात काही अंशी स्वार्थ होता. उद्या माझी पाळी येईल तेव्हा माझ्यासाठीही कोणी असे म्हणेल, ही आशा होती. पण निव्वळ स्वार्थाने कोणी दुसऱ्याच्या जागी अंधारात शिरत नाही. मला वाटते, या प्रश्नाची गाठ येथे सुटू लागते. जी सूट मागून घेतली तर सोबत्याला लुबाडल्यासारखे होते, तीच सोबत्याने दिली तर देणगी होते. सूट एकच, रात्र एकच, जाणारा माणूसही तोच. तरी दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि देणगी घेणाऱ्यालाही काही करावे लागते. शेवटच्या आठवड्यात नवख्याला जवळ बसवून तार कशी ओळखावी हे ज्याने दाखवले, आपला चांगला चाकू आणि कोरडी चादर त्याला देऊन टाकली, त्याने गस्तीला न जाताही गस्तीचे काम केले. नवख्याचा चेहरा पाहणेही ज्याने टाळले, त्याच्याविषयी तसे म्हणता येणार नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. अनुवादाच्या विसाव्या अध्यायातील नियम फार मायाळू आहे. नवे घर बांधून त्यात राहिला नाही, द्राक्षमळा लावून फळ चाखले नाही, वाङ्निश्चय होऊन लग्न झाले नाही, अशा प्रत्येकाला लढाईपूर्वी घरी धाडायचे. इतकेच नव्हे तर जो भितो त्यालाही. त्याला शिक्षा नाही, दूषण नाही. मात्र त्याच्या भयाने भावांची मने खचू नयेत हे कारण सांगितले आहे, आणि ही सूट अंमलदारांनी सर्व लोकांसमोर मोठ्याने पुकारायची आहे. कोणी गुपचूप मागे राहायचे नाही.

दुसरी बाजू गणनेच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. (संडेस्कूलात हा अध्याय आपण सहसा शिकवीत नाही, मुलांना यरीहोची भिंत पडते तेथे जायची घाई असते, आणि शिक्षकांनाही.) रऊबेन आणि गाद यांच्या वंशांना यार्देनेच्या अलीकडेच कुरणे मिळाली. गुरे पुष्कळ, जमीन उत्तम. त्यांच्यापुरते युद्ध संपले होते. आम्हाला पलीकडे नेऊ नका, असे ते म्हणाले, तेव्हा मोशे रागावला. भाऊ लढायला जाणार आणि तुम्ही येथे बसणार काय, हा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला नेहमी विचार करायला लावते. गुरांसाठी वाडे आणि लेकरांसाठी नगरे बांधतो, मग सज्ज होऊन भावांच्या पुढे चालतो, आणि सर्वांना वतन मिळाल्याशिवाय घरी परतत नाही, असे ते म्हणाले. आधी लेकरांची सोय, मग नदी. घराची ओढ त्यांनी नाकारली नाही. मनश्शेच्या अर्ध्या वंशासह सुमारे ४०,००० सशस्त्र माणसे अशी पार झाली, आणि यहोशवाने त्यांना आशीर्वाद देऊन परत पाठवले तेव्हा त्यांनी शब्द पाळला होता. त्यांच्याजवळ तारीख नव्हती. 'भावांना मिळेपर्यंत' हीच त्यांची मुदत.

तारीख ठाऊक नसणे हे कधी कधी वरदान ठरते काय, असाही विचार मनात येतो. बेळगाव भागातील वाचकांना मराठा लाइट इन्फंट्री परकी नाही. तिचे केंद्र त्यांच्या गावातच आहे. या पलटणीच्या पहिल्या बटालियनचा शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीपाशी होता. तो कंपनीचा निरोप्या होता. पलीकडच्या बांधावर चढलेली छोटी टोळी जवळजवळ नष्ट झाली. त्याने दोन जखमी सोबत्यांना भर माऱ्यात, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत जाऊन तीन मशीनगनचे मोर्चे मोडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत बाकीच्यांना बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील युद्ध २ मे रोजी संपले. मध्ये २३ दिवस होते. ते त्याला कोणी सांगितले नव्हते. रंगवायला त्याच्याजवळ चित्र नव्हते. सांगितले असते तर तो पाण्यात उतरला नसता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि त्याचे नाव पुढे करून व्हिएतनामातल्या भ्यालेल्या पोराला लाजवण्याचा तर मुळीच नाही. शिवाय शौर्याच्या बातमीत तीन मशीनगनचा आकडा आधी येतो. घटनेत दोन जखमी आधी आले होते, इतकेच ध्यानात असावे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सेनियोवर लढणाऱ्याला युद्ध कशासाठी आहे हे निदान सांगता येत होते. व्हिएतनामात १९६९ साली सैन्य काढून घेण्यास सुरुवात झाली, आणि मग सगळ्या सैन्याचेच दिवस मोजले जाऊ लागले. जे युद्ध सोडून द्यायचे असे सरकारनेच ठरवले, त्यात आपण कशासाठी मरावे, हा शिपायांचा प्रश्न रास्त होता. शेवटची अमेरिकन लढाऊ माणसे २९ मार्च १९७३ रोजी निघाली, तोपर्यंत तो चार वर्षे विचारला जात होता. युद्धच चुकीचे असेल तर गस्त टाळणे हाच शहाणपणा नव्हे काय? मला वाटते, युद्धाविषयीचा निर्णय आणि शेजारी चालणाऱ्याविषयीचा निर्णय हे दोन वेगळे आहेत. सगळी तुकडीच एकमताने टेकडीखाली थांबली, तर तो पहिल्याचा प्रश्न झाला. एकटा मी थांबलो आणि बाकीचे नऊ गेले, तर दुसऱ्याचा. नऊ जणांचा माझ्यावरचा हक्क सरकारने दिलेला नव्हता, म्हणून सरकारच्या चुकीने तो जातही नाही.

आणि ज्यांना मुदतच नव्हती त्यांचे काय? उत्तरेकडून आलेला शत्रूचा शिपाई युद्ध संपेपर्यंत आलेला होता. दक्षिणेचा व्हिएतनामी शिपाई तर आपल्याच देशात लढत होता. त्याला घेऊन जाणारे विमान नव्हते. भाताच्या खाचरात वाकलेल्या बाईला १०० तुकड्यांचे चित्र काढता आले नसते. भ्यालेला माणूस लवकर गोळी झाडतो, आणि ज्याला आणखी पाचच रात्री काढायच्या आहेत तो सावलीवरही झाडतो. ती सावली कधी कधी त्या बाईची असे. रंगवून टाकलेल्या चौकटीतला दिवस शिपायाच्या दृष्टीने फक्त संपवायचा होता. त्याच दिवशी त्या गावात कोणी जन्मले, कोणी मेले, कोणी रोप लावले. मोशेच्या नावाने असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रातही दिवस मोजण्याची प्रार्थना आहे, पण ती मोजणी शहाणे होण्यासाठी मागितली आहे. छावणीतल्या खाटेवर पडून तशी मोजणी करणे फार कठीण, हे मान्य करूनही दोन्ही मोजण्यांतला फरक नजरेआड करवत नाही.

मग तो दिवस येई. बिएन होआ, कॅम रान, दा नांग अशा ठिकाणांहून भाड्याने घेतलेली प्रवासी विमाने सुटत. आत गणवेशातल्या हवाई सुंदऱ्या, थंड हवा, स्वच्छ उशा. चाके जमिनीवरून सुटली की आत टाळ्या आणि आरोळ्या. त्याच विमानातून थोड्या वेळापूर्वी नवे उतरलेले असत, आणि जाणारे त्यांची थट्टा करीत. दोन-चार दिवसांपूर्वी जंगलात असलेला माणूस आता आईच्या स्वयंपाकघरात एकटा बसलेला. दुसऱ्या महायुद्धातले शिपाई जहाजाने, कित्येक दिवस एकमेकांशी बोलत परतले होते. याला बोलायला कोणी नव्हते. निघताना तुकडीला त्याने पत्र पाठवण्याचे वचन दिलेले असे. बहुतेकांनी ते पाळले नाही. मागे राहिलेल्यांनीही फारशी वाट पाहिली नाही. काय लिहायचे? आपण सुखरूप आहोत, हे गस्तीवरून आलेल्या माणसाला लिहायचे कसे? आणि उत्तर आले तर त्यात कोणाचे नाव असेल?

वॉशिंग्टन येथे १३ नोव्हेंबर १९८२ रोजी या युद्धातील मृतांचे स्मारक अर्पण करण्यात आले. काळ्या दगडाची लांब भिंत, तिच्यावर आज ५८,००० हून अधिक नावे. माया लिन या तरुण विद्यार्थिनीने तिचा आराखडा केला, आणि नावे अकारविल्हे न लावता ज्या दिवशी घाव बसला त्या तारखेच्या क्रमाने लावावी असा तिचा आग्रह होता. त्यामुळे एकत्र पडलेले भिंतीवरही एकत्र आहेत. परतलेला शिपाई तेथे गेला की आपण उतरलो ती तारीख शोधतो, तेथून आपल्या १२ महिन्यांची नावे वाचत, बोटाने चाचपत जातो, आणि आपण विमानात बसलो त्या दिवसाशी येतो. भिंत तेथे संपत नाही. पुढच्या दिवसांची नावे लगेच त्याच ओळीत सुरू होतात, आणि ज्यांना पत्र लिहायचे राहून गेले त्यांच्यापैकी कोणी त्यांत आहे काय, हे पाहण्यासाठी त्याला आणखी पुढे चालत जावे लागते.